विश्लेषण : घाटातला सर्वांत वेगवान सायकलपटूच टप्पा का हरतो? सट्ट्याचे गणित नेमके कुठे फसते?

२२ जुलै २०२५. टूर द फ्रान्सचा १६वा टप्पा. मोंपेलिये शहरातून निघालेली शर्यत १७१.५ किलोमीटरनंतर मों व्हांतू या दक्षिण फ्रान्समधल्या उघड्याबोडक्या डोंगराच्या माथ्यावर संपणार होती. त्या दिवशी स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार हा डोंगर ज्या वेगाने चढला, तो आजवरचा विक्रम मानला जातो. तरीही टप्पा त्याने जिंकला नाही. जिंकला तो फ्रान्सचा व्हॅलेंटिन पारे-पाँत्र. पोगाचार ४३ सेकंदांनी मागे राहिला.

डोंगरी टप्प्यावर ‘चढात सर्वांत ताकदवान कोण?’ एवढाच विचार करून पैसे लावणारे त्या दिवशी अचूक अंदाज बांधूनही हरले. असे का होते? भाव कसे ठरतात? आणि मोबाइलवर सहज दिसणाऱ्या या सट्ट्याबाबत भारतात कायदा काय सांगतो?

डोंगरी टप्पा म्हणजे काय?

टूर द फ्रान्स ही २१ टप्प्यांची शर्यत. रोज एक टप्पा, रोज एक विजेता. त्याच वेळी सर्व टप्प्यांच्या वेळेची बेरीज सुरू असते आणि ज्याची एकूण वेळ सर्वांत कमी, तो पिवळी जर्सी घालतो. म्हणजे एकाच रस्त्यावर एकाच वेळी दोन शर्यती चालतात. एक आजच्या टप्प्याची, दुसरी तीन आठवड्यांची. सट्ट्यातली बहुतेक गफलत या दोन शर्यती एकच समजण्यातून होते.

डोंगरी टप्प्यात आल्प्स, पिरेनीज किंवा मों व्हांतूसारखे मोठे चढ असतात. मों व्हांतूचा अखेरचा चढ १५.७ किलोमीटरचा आणि सरासरी ८.८ टक्क्यांचा होता. म्हणजे १०० मीटर पुढे गेले की ८.८ मीटर वर.

चढावर ताकद मोजता येते, मग अडचण कुठे?

सपाट रस्त्यावर सायकलपटूचा मुख्य शत्रू वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग निम्मा झाला की हा विरोध एकचतुर्थांश होतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती एकअष्टमांश. चढावर वेग उतरतो, म्हणून दुसऱ्याच्या मागे लपून वारा चुकवण्याचा फायदा घटतो. तिथे गुरुत्वाकर्षणाशी सरळ लढत असते. त्यामुळे शरीराच्या प्रत्येक किलोमागे किती वॅट शक्ती निघते, हा आकडा महत्त्वाचा ठरतो.

याचा अंदाज बांधण्याची एक जुनी पद्धत आहे. तासाला किती मीटर उंची गाठली हे मोजायचे आणि चढाच्या टक्केवारीनुसार त्यातून वॅट काढायचे. उदाहरणार्थ, १० किलोमीटरचा ८ टक्क्यांचा चढ घेऊ. किलोमागे ६ वॅट देणारा सायकलपटू तो साधारण साडेअठ्ठावीस मिनिटांत चढेल. ५.७ वॅट देणाऱ्याला ३० मिनिटे लागतील. ताकदीत फरक फक्त पाच टक्क्यांचा, पण माथ्यावर अंतर दीड मिनिटाचे.

त्यामुळे चढावर कोण सरस, हे बऱ्याच अंशी आधी सांगता येते. सपाट टप्प्याच्या गर्दीतल्या अखेरच्या धावेपेक्षा हा अंदाज सोपा. अडचण अशी की, टप्प्याचा विजेता केवळ या आकड्यावर ठरत नाही.

ब्रेकअवे म्हणजे काय आणि तो का टिकतो?

टप्पा सुरू झाला की काही सायकलपटू मुख्य गटाला, म्हणजे पेलोटॉनला सोडून पुढे निसटतात. या पुढच्या टोळीला ब्रेकअवे म्हणतात. त्यात बहुधा एकूण क्रमवारीत बरेच मागे पडलेले सायकलपटू असतात. ते दहा मिनिटांनी पुढे गेले तरी पिवळ्या जर्सीला धोका नसतो.

त्यांना पकडायचे तर कोणत्या तरी संघाला आपले मदतनीस सायकलपटू तासन् तास पुढे लावून वारा झेलायला लावावा लागतो. ही ताकद उद्या परत मिळत नाही. म्हणून प्रत्येक संघ साधा प्रश्न विचारतो : आजचा टप्पा आम्हाला खरेच हवा आहे का?

२०२५च्या टूरमध्ये याचे उत्तर कसे बदलत गेले, ते पाहण्यासारखे आहे. १७ जुलैला हॉताकामच्या चढाआधी पिवळी जर्सी आयर्लंडच्या बेन हीलीकडे होती. पोगाचारला ती परत हवी होती. त्याच्या संघाने शर्यत ताब्यात ठेवली आणि पोगाचार डेन्मार्कच्या योनास विंगेगार्डपेक्षा २ मिनिटे १० सेकंद आधी पोहोचला. दुसऱ्या दिवशी पेराग्यूदच्या चढावर एकेकट्याने धावायची वेळेविरुद्धची शर्यत होती. तीही त्यानेच जिंकली.

त्यानंतर मात्र चित्र पालटले. पुढे आणखी चार टप्पे चढावर संपले आणि त्यातला एकही पोगाचारला मिळाला नाही. सुपरबान्येर नेदरलँड्सच्या थायमन आरेन्समनने घेतले, मों व्हांतू पारे-पाँत्रने, कोल द ला लोझ ऑस्ट्रेलियाच्या बेन ओकॉनरने आणि ला प्लान्य पुन्हा आरेन्समनने. पोगाचार कमकुवत झाला होता का? मुळीच नाही. टूर त्याने ४ मिनिटे २४ सेकंदांच्या आघाडीने जिंकली. मों व्हांतूच्या सकाळी विंगेगार्डवर त्याची आघाडी ४ मिनिटांहून अधिक होती. त्याला टप्पा जिंकण्याची गरज नव्हती, विंगेगार्डला सोडायचे नाही एवढेच पुरेसे होते.

एकट्या मों व्हांतूचा इतिहासही हेच सांगतो. २००० पासून टूर या डोंगरावर सात वेळा आली. २००० मध्ये मार्को पंतानी आणि २०१३ मध्ये ख्रिस फ्रूम अव्वल दावेदारांच्या झुंजीतून जिंकले. उरलेले पाचही विजेते रिशार विरेंक (२००२), हुआन मॅन्युएल गाराते (२००९), थॉमस डी जेन्ट (२०१६), वाऊट व्हान आर्ट (२०२१) आणि पारे-पाँत्र (२०२५) हे ब्रेकअवेमधून आलेले होते. यातला व्हान आर्ट तर निव्वळ चढाचा खेळाडू म्हणून ओळखलाही जात नाही.

याचा भावाशी काय संबंध?

समजा, एका काल्पनिक टप्प्यात ब्रेकअवे टिकण्याची शक्यता ६० टक्के आहे. मुख्य दावेदारांतच लढत झाली, तर तुमचा आवडता सायकलपटू जिंकण्याची शक्यता तब्बल ७५ टक्के धरू. आता त्याच्या टप्पा जिंकण्याची एकूण शक्यता किती? दावेदारांत लढत होण्याची शक्यता ४० टक्के, त्यातले ७५ टक्के, म्हणजे ३० टक्के.

सट्टा कंपनी त्याला २.५०चा भाव देते असे समजू. म्हणजे १०० युरो लावून जिंकल्यास २५० युरो हातात. पण ३० टक्के शक्यतेला सरासरी परतावा ७५ युरोच निघतो. दर १०० युरोमागे २५ युरोंचा तोटा. सायकलपटूबद्दलचा तुमचा अंदाज बरोबर होता. चूक ‘आज लढत कोणात होणार’ हे न विचारण्यात झाली.

प्रसिद्ध नावांचे भाव आधीच उतरलेले असतात, कारण सामान्य प्रेक्षक त्याच नावांवर पैसे लावतो.

कंपनी कधीच का हरत नाही?

भावाला उलटे केले की त्यात दडलेली शक्यता कळते. २.००चा भाव म्हणजे ५० टक्के, ४.०० म्हणजे २५ टक्के, १०.०० म्हणजे १० टक्के. आता एका काल्पनिक टप्प्याचे भाव पाहा. पहिला दावेदार २.००, दुसरा ४.००, तिसरा १०.००, चौथा १०.०० आणि ‘इतर कोणीही’ ४.००. या शक्यतांची बेरीज ५० + २५ + १० + १० + २५ = १२० टक्के. खऱ्या जगात ती १०० असायला हवी. वरचे २० टक्के हाच कंपनीचा गाळा.

युरोत बोलायचे तर, पाचही पर्यायांवर अनुक्रमे ५०, २५, १०, १० आणि २५ युरो लावले तर खिशातून १२० युरो जातात. कोणीही जिंको, हातात १०० युरोच येतात.

फ्रान्समध्ये ऑनलाइन क्रीडा सट्टा २०१०च्या कायद्याने परवान्यासह वैध झाला. तिथल्या नियमांनुसार खेळणाऱ्यांना मिळणाऱ्या एकूण परताव्यावरच ८५ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे सगळ्या खेळणाऱ्यांना मिळून तोटाच होईल, हे नियमातच गृहीत धरलेले आहे.

‘दोघांत पुढे कोण’ हा सट्टा सोपा नाही का?

वाटतो सोपा. दोन नावे, एक निवडायचे. पण डोंगरी टप्प्यात हरलेला सायकलपटू शेवटपर्यंत जीव तोडून चढत नाही. पकडायला कोणी उरले नाही की तो वेग कमी करून उद्यासाठी ताकद राखतो. मागे पडलेले अनेक जण तर एकत्र गट करून, विजेत्याच्या वेळेवरून ठरणाऱ्या कालमर्यादेच्या आत पोहोचायचे एवढेच लक्ष्य ठेवतात. दोघांपैकी कोण पुढे राहील हे ताकदीइतकेच त्या दिवशी कोणाला गरज आहे, यावर ठरते.

टीव्हीवर पाहत शर्यतीदरम्यान पैसे लावणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. डोंगरातले चित्रण मोटारसायकलवरून हवेतल्या यंत्रणेकडे आणि तिथून आपल्या पडद्यावर येते. यात काही सेकंद जातात. ॲपवरचे प्रक्षेपण आणखी मागे असू शकते. हल्ला झाल्याचे पडद्यावर दिसेपर्यंत भाव बदललेला असतो.

अव्वल खेळाडूच कोसळला तर?

तेही घडते. १३ जुलै २०२२ रोजी कोल द्यु ग्रानोंच्या चढावर, सलग दोन टूर जिंकलेला आणि पिवळ्या जर्सीत असलेला पोगाचार अक्षरशः थांबल्यासारखा झाला. विंगेगार्ड आणि त्याचा सहकारी प्रिमोझ रोग्लिच यांनी आधीच्या गालिबिए घाटात आळीपाळीने हल्ले करून त्याला दमवले होते. ११.३ किलोमीटरच्या, सरासरी ९ टक्क्यांहून अधिक चढाच्या त्या घाटात पोगाचारने विंगेगार्डला २ मिनिटे ५१ सेकंद गमावली आणि जर्सीही गेली. उष्णता, खाण्यापिण्यातली कसर, आदल्या दिवसांचा थकवा यांपैकी काहीही सकाळच्या भावात पुरते उतरत नाही.

कधी डोंगरच शर्यत बदलतो. २०१६ मध्ये मों व्हांतूच्या माथ्यावर वारा इतका होता की अंतिम रेषा सहा किलोमीटर खाली आणावी लागली. त्याच दिवशी गर्दीत अडकलेल्या मोटारसायकलवर आदळून सायकल मोडल्याने पिवळ्या जर्सीतला फ्रूम चक्क धावत सुटला. २६ जुलै २०१९ रोजी गारपीट आणि दरड कोसळल्यामुळे टप्पा मध्येच थांबवला गेला. इझरान घाटमाथ्यावरच्या वेळा धरून कोलंबियाच्या इगान बर्नालला पिवळी जर्सी मिळाली, पण टप्प्याचा विजेता कोणीच घोषित झाला नाही. २०२५ मध्ये ला प्लान्यचा टप्पा मार्गावरच्या भागात गुरांमध्ये लम्पी त्वचारोग आढळल्याने १२९.९ वरून ९३.१ किलोमीटरवर आणावा लागला. अशा वेळी पैशांचे काय होणार, हे प्रत्येक कंपनी आपल्या नियमांनुसार ठरवते.

भारतात यावर पैसे लावता येतात का?

नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर, सट्ट्यासह, बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा फरक या बंदीसाठी महत्त्वाचा नाही. अशी सेवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्यासाठी शिक्षेची तरतूद नाही.

पण शिक्षा नाही म्हणजे धोका नाही, असे नव्हे. परदेशी संकेतस्थळावर जिंकलेले पैसे अडकले, तर फ्रान्समधल्या ग्राहकासारखी परवानाधारक कंपनी आणि तिच्यावरचा नियामक इथल्या माणसाच्या मागे उभा नसतो.

मग टप्पा पाहताना काय पाहावे?

पैसे न लावताही अंदाज बांधण्यात मजा आहेच. त्यासाठी चार प्रश्न पुरतात. पिवळ्या जर्सीची आघाडी किती आहे? पुढे गेलेल्या टोळीत एकूण क्रमवारीला धोका असणारे कोणी आहे का? पेलोटॉनच्या तोंडाशी कोणता संघ वारा झेलतो आहे? आणि शेवटचा चढ सुरू होताना अंतर किती मिनिटांचे आहे? पेलोटॉनच्या तोंडाशी कोणीच जोर लावत नसेल, तर त्या दिवसाचा विजेता बहुधा पुढच्या टोळीतच असतो. मग मागून येणारा जगातला सर्वोत्तम चढवय्या का असेना!