विश्लेषण : जुन्या ग्राफिक्स कार्डावर चित्र का बिघडते?

माळ्यावरचा ४८६ संगणक खाली काढला, फ्लॉपीही वाचली गेली. पण चित्र उघडताच पडद्यावर नुसत्या तिरक्या रेघा. जुन्या यंत्रांची हौस असणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. फाइल खराब झाली, असे समजून अनेक जण फ्लॉपी टाकूनही देतात. बहुतेकदा दोष फाइलचा नसतो. चित्र दाखवणारा प्रोग्राम आणि ग्राफिक्स कार्ड यांची भाषा जुळत नसते, इतकेच.

ही भाषा वेगळी का?

आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए आणले. त्यात २५६ रंग मिळत, पण ३२० बाय २०० एवढ्याच बिंदूंवर. ६४० बाय ४८० वर अवघे १६ रंग. कारण साधे होते. ६४० बाय ४८० आणि २५६ रंग म्हणजे ३,०७,२०० बाइट, तर कार्डावरची मेमरी २५६ केबी, म्हणजे २,६२,१४४ बाइट. चित्र मावणारच नाही. मग त्सेंग, ट्रायडेंट, पॅराडाइज अशा कंपन्यांनी मेमरी वाढवून सुपर व्हीजीए कार्डे काढली आणि प्रत्येकीने स्वतःचे क्रमांक ठरवले. हाच २५६ रंगांचा मोड त्सेंग ईटी ४००० वर '२ई', ट्रायडेंटवर '५डी', तर पॅराडाइजवर '५एफ'. त्यात डॉसला कार्डाची मेमरी ६४ केबीच्या खिडकीतूनच दिसते. म्हणजे एक चित्र पाच तुकड्यांत भरायचे, आणि खिडकी सरकवण्याची पद्धतही प्रत्येकाची निराळी!

म्हणूनच व्हीपिक, कॉम्प्युशो यांसारखे त्या काळचे प्रोग्राम वापरताना आधी कार्ड कोणते, हे ठरवावे लागे. चुकीचे नाव निवडले, की रेघा किंवा काळा पडदा.

कार्ड ओळखायचे कसे?

संगणक सुरू होताच सर्वांत आधी झळकणारी ओळ बहुधा ग्राफिक्स कार्डाचीच असते. नाव आणि मेमरी तिथेच दिसते, फक्त नजर हवी. ती हुकली तर डॉस ६ सोबत येणारा एमएसडी हा प्रोग्राम चालवावा. तेही नसेल तर झाकण उघडून चिपवरचे नाव वाचावे. मेमरी ५१२ केबी असेल तर २५६ रंगांत ८०० बाय ६०० पर्यंतच जावे. १०२४ बाय ७६८ ला १ एमबी लागते.

कार्ड यादीत नसेल तर?

तर 'व्हेसा' निवडावे. कंपन्यांच्या या गोंधळावर उपाय म्हणून १९८९ मध्ये ही संघटना उभी राहिली आणि ६४० बाय ४८०, २५६ रंगांसाठी '१०१' हा सर्वांचा समान क्रमांक ठरला. जुन्या कार्डांत ही सोय नसते. तिथे युनिव्हीबीईसारखा छोटा प्रोग्राम आधी मेमरीत चढवावा लागतो. ऑटोएक्झेक फाइलमध्ये त्याची ओळ घातली, की रोजचा त्रास वाचतो.

मॉनिटरला धोका आहे का?

आहे, आणि याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सुरुवातीचे व्हीजीए मॉनिटर ३१.५ किलोहर्ट्झ या एकाच गतीवर चालत. ८०० बाय ६०० ला किमान ३५ लागतात. पडदा फिरू लागला किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर विचार करत न बसता मॉनिटर बंद करावा. असा मॉनिटर जळाला तर दुसरा मिळणे कठीण.

जुने यंत्रच नसेल तर?

डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्राम जुन्या संगणकाची नक्कल करतो. तो मुळात एस३ कंपनीचे कार्ड असल्याचे भासवतो. सेटिंगच्या फाइलमधील 'मशीन' ही ओळ बदलली, की त्सेंग, पॅराडाइज, अगदी हर्क्युलिससुद्धा होतो. खऱ्या मॉनिटरवर हात चालवण्याआधी इथे सराव केलेला बरा.

एक सावधगिरी मात्र दोन्हीकडे घ्यावी. २५६ रंगांच्या पडद्यावर जेपेग फोटो ठिपक्यांचा दिसतो, कारण प्रोग्राम त्यातले लाखो रंग २५६ मध्ये बसवतो. हा बदल पडद्यापुरता असतो, तोवर ठीक. तेच चित्र जुन्या नावाने जीआयएफ करून ठेवले आणि मूळ फाइल पुसली, तर गेलेले रंग पुन्हा येत नाहीत.