शुक्रवारची बैठक

नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम शहरात १९९० पासून दर दोन वर्षांनी विद्यार्थ्यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. चर्चा सामाजिक प्रश्नांवर, आणि सारी व्यवस्था विद्यार्थीच पाहतात. तेथील विद्यार्थी शांतता पुरस्कार २०१७ मध्ये लिबियाच्या हाजर शरीफ यांना मिळाला. २०११ मध्ये, अवघ्या १९ व्या वर्षी, त्यांनी स्त्रिया व तरुणांना शांततेच्या कामात आणणारी संस्था सहकाऱ्यांसह उभारली.

आम्हाला मात्र त्यांच्या घरातली तरबियत अधिक मोलाची वाटते. लहानपणी दर शुक्रवारी संध्याकाळी घरात बैठक बसे. विषय काय, तर जेवण आणि झोपण्याची वेळ! त्याचे टिपणही ठेवले जाई. मुलांनी आई-वडिलांवर टीका केली तरी ती बेअदबी ठरत नसे.

आपल्याकडे दस्तरखानावर मुलीने तोंड उघडले, की आधी ऐकू येते ते ‘मोठ्यांत बोलू नकोस.’