सुळा अडकतो तेव्हा

वरचे कायमचे सुळे साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतात. ते तयार होतात जबड्यात पार वर, नाकाच्या बाजूला. तिथून खाली यायची वाट लांबची, त्यामुळे अक्कलदाढेखालोखाल अडकतात ते हेच दात. शंभरात एक-दोघांचा सुळा हाडातच राहतो.

दुखत नाही, म्हणून लक्षही जात नाही. पण असा सुळा शेजारच्या पटाशीच्या दाताचं मूळ झिजवू शकतो. दहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीवरून बोट फिरवावं. फुगवटा एकाच बाजूला लागला, तर डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढावा. वेळेत कळलं, तर नुसता दुधाचा सुळा काढूनही पुष्कळदा नव्याला वाट मिळते.

उशीर झाला, तर ऑर्थोडॉन्टिस्ट तारा लावून जागा करतात. सर्जन भूल देऊन हिरडी उघडतात आणि सुळ्यावर बारीक साखळीचं बटण चिकटवतात. साखळी तारेला बांधून दात हळूहळू खाली ओढला जातो. जोर जेमतेम पन्नास-साठ ग्रॅमचा: पुढचं हाड विरघळतं, मागे नवं भरतं. याला वर्ष-दीड वर्ष, कधी जास्तही लागतं. मूळ हाडालाच जखडलं असेल, तर मात्र दात हलत नाही. वयाबरोबर हा धोका वाढतो, म्हणून तपासणी लहानपणीच करावी.