न्हाणीच्या पाण्यावर उन्हाळी परसबाग

येत्या महिनाभरात जळकोटच्या काळ्या शिवाराला भेगा पडू लागतील. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातलं, नळदुर्गजवळचं, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं हे गाव. इथं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, विहिरी आणि बोअर तळ गाठतात आणि नेमकी तेव्हाच बाजारात पालेभाजीची जुडी बारीक होऊन भाव चढतो. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खायला सांगते. पाच माणसांच्या घराला हे दिवसाला दोन किलो झालं. एवढं विकत घेणं उन्हाळ्यात भल्याभल्यांना जड जातं. त्यामुळे परसबागेची खरी गरज उन्हाळ्याच्या चार महिन्यांत असते, आणि याच चार महिन्यांत ती ओस पडलेली दिसते. कारण आपण सुरुवात बियाण्यापासून करतो. उन्हाळ्यात ती पाण्यापासून करायची असते.

आधी हिशेब पाण्याचा

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. कडक उन्हात भरलेल्या वाफ्यातून, माती आणि पानं मिळून, रोज सात-आठ मिलिमीटर पाणी उडून जातं. म्हणजे चौरस मीटरला सात-आठ लिटर लागणार. आता घरातली आंघोळ मोजा. माणशी १५ लिटरची बादली धरली तर चौघांचं ६० लिटर पाणी रोज न्हाणीतून वाहून जातं. तेवढ्यावर दहा फूट बाय आठ फुटांचा तुकडा पोसला जातो. वेगळी घागर आणावी लागत नाही. याहून मोठी बाग मे महिन्यात हातची जाते. एवढी मात्र तगते.

न्हाणीचं पाणी थेट वाफ्यात सोडू नये. खडी-वाळूच्या खड्ड्यातून ते मुरत, गाळत पुढं न्यावं आणि खड्ड्याच्या काठाला कर्दळ, केळी लावावी. हे पाणी वेलांच्या आळ्यांना द्यावं. कच्च्या खायच्या पाल्याला चांगलंच पाणी राखून ठेवावं. कपडे धुतलेलं पाणी मात्र बागेला नकोच. धुण्याच्या पावडरीतलं सोडियम काळ्या मातीत साठत गेलं की जमीन चोपण होते, आणि चोपण जमिनीत पाणी मुरत नाही.

दिलेलं पाणी टिकवायला आच्छादन हवं. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, वाळका पाला, जे घरात असेल ते तीन-चार इंच पसरावं. ते बाजूला सारून दोन इंच बोट मातीत घालून पाहावं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. दुपारी पानं माना टाकतात म्हणून लगेच तांब्या उचलू नये; संध्याकाळी ती सावरली तर मुळाशी ओल आहे असं समजावं. वेलांच्या दोन आळ्यांमध्ये बिनरंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून, पाण्यानं भरून, त्यावर झाकण ठेवलं तर मडकं जसजसं पाझरतं तसतशी मुळं त्याच्याभोवती गोळा होतात. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही रीत लिहिलेली आहे. झाकण विसरू नये, नाहीतर डास होतात.

काय लावावं, काय टाळावं

टोमॅटोचा मोह आवरावा. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की परागकण निकामी होतात. फूल येतं आणि गळतं. कोथिंबीर लवकर फुलावर जाते. त्याऐवजी फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा या काळात गवार, चवळी, भेंडी, दोडका, दुधी, कारलं लावावं. भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली ‘परभणी क्रांती’ आपल्या मातीतली. भेंडीच्या एका रानटी नातलगाशी संकर करून ती तयार केली, ती पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या हळद्या रोगाला तोंड देण्यासाठी. पालेभाजीत तांदुळजा, लाल माठ, अंबाडी आणि घोळ ऊन सोसतात. दर पंधरा दिवसांनी मूठभर बी टाकत गेलं की ताटात खंड पडत नाही.

वेलांचा मांडव पश्चिमेला घालावा. चारनंतरचं तिरपं ऊन तो अडवतो आणि खालचा माठ-तांदुळजा करपत नाही.

दिवेलागणीचं काम

वेलाला फुलं भरपूर, पण फळ धरत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. सुरुवातीची फुलं बहुतेक नराची असतात आणि उष्णतेनं ती आणखी वाढतात. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, कारलं आणि काकडी सकाळी. मधमाश्या सांजेला घरी गेलेल्या असतात. अशा वेळी नुसत्या देठावरचं नराचं फूल खुडावं, पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधले पिवळे परागकण मादीच्या फुलाच्या मधोमध हलक्या हातानं टेकवावेत. मादीचं फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांच्या मागे बोटाच्या पेराएवढा दोडका आधीच असतो. परागकण पोचले तर तो तीन-चार दिवसांत फुगू लागतो. नाही तर पिवळा पडून गळतो.

फुलझाडं इथं निव्वळ शोभेची नाहीत. गलांडा कमी पाण्यात उन्हाळाभर फुलतो, देवालाही होतो आणि मधमाश्यांना परसात आणतो. झेंडूची मुळं मातीतल्या सूत्रकृमींना आवर घालतात. मोगऱ्याची छाटणी करून शेणखत दिलेलं असेल तर तो याच दिवसांत बहरतो.

निर्णय घरातल्या बाईचा

घरच्या ताटासाठी पिकवण्याचं काम याच धाराशिव जिल्ह्यानं मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आहे. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी राहिली. पुढे तिच्याशी जोडलेल्या बायकांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घेतला आणि त्यात नगदी पिकाऐवजी भाज्या, कडधान्यं, धान्य असं घरात खायचं पीक घेतलं. दुष्काळातही त्यांची चूल त्यावर चालली. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. काय पेरायचं हे जिच्या हाती स्वयंपाक आहे तिनं ठरवलं, की पाणी आधी ताटात येणाऱ्या पिकाला जातं.

ज्यांच्याकडे एकर नाही त्यांच्याकडे न्हाणी आहे. या आठवड्यात घरातल्या बादल्या मोजा, तेवढाच वाफा आखा, बियाण्याबद्दल तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा आणि मार्चच्या पंधरा तारखेच्या आत बी टाका.