वजन घटविणारी शस्त्रक्रिया आणि आतड्यातील पहारा

वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेने मनुष्य बारीक होतो खरा, परंतु आतड्याला हात लागल्यामुळे त्याची रोगप्रतिकारशक्ती कायमची खालावते, असा समज सुशिक्षित घरांतूनही मोठ्या खात्रीने सांगितला जातो. आणि अतिस्थूलतेपायी मधुमेह जडलेला एखादा रुग्ण केवळ या धास्तीने उपचारावाचून राहतो, म्हणून या समजाची छाननी करणे मला अगत्याचे वाटते.

या समजाच्या मुळाशी सत्याचा एक अंश आहे. शरीरातील प्रतिकारपेशींचा फार मोठा हिस्सा आतड्याच्या भिंतीतच तैनात असतो. अन्नाबरोबर आलेले काय स्वीकारावे आणि कोणत्या जंतूला अटकाव करावा, याचा निवाडा तेथे अहोरात्र चालतो. परंतु ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची सुमारे 30 मिलिलिटरची पिशवी करून ती मध्यांत्राला जोडतात, तेव्हा उरलेले जठर, आद्यांत्र आणि मध्यांत्राचा आरंभीचा भाग कापून टाकलेला नसतो, त्यातून अन्न तेवढे जात नाही, रक्तपुरवठा मात्र अबाधित राहतो आणि पित्त व स्वादुपिंडाचा रस त्याच वाटेने पुढे येऊन अन्नाला मिळतो. शिवाय 1677 मध्ये स्विस वैद्य योहान कोनराड पेयर याने ज्यांचे वर्णन केले, त्या प्रतिकारपेशींच्या पुंजक्यांची मुख्य ठाणी शेषांत्रात आहेत, आणि तेथून अन्न पूर्वीप्रमाणेच जाते. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत तर जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. आतड्याला सुरी लागतच नाही.

या शस्त्रक्रियेत चरबी काढून घेतात, हाही निव्वळ गैरसमज. मेद हे मुके कोठार नव्हे. अतिस्थूल शरीराच्या मेदात, आणि मध्यांत्राच्या अस्तरातही, प्रतिकारपेशींची दाटी होऊन मंद दाह धुमसत असतो. शस्त्रक्रियेनंतर वजन उतरते तसे दाहाची खूण असलेले सी-रिॲक्टिव्ह प्रथिन रक्तात घटत जाते. म्हणजे पहारा उठत नाही, विनाकारण चाललेली धावपळ शमते. जठरातील आम्ल कमी झाल्याने आणि पित्ताचा मार्ग पालटल्याने आतड्यातील जंतूंची वस्तीही बदलते. बायपास केलेल्या उंदरांचे जंतू जंतुरहित उंदरांत सोडले असता त्यांचेही वजन घटल्याचे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. तो दाखला उंदरांचा आहे, माणसांचा नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

खरी हानी होते ती ‘आता सारे झाले’ या तिसऱ्या समजाने. लोह मुख्यतः आद्यांत्रात शोषले जाते आणि बी-12 जीवनसत्त्वाला जठरातील एका स्रावाची गरज असते; बायपासनंतर दोन्ही वाटा आखडतात. लोह, जस्त आणि प्रथिने यांची टंचाई झाली, तर प्रतिकारपेशी दुर्बळ होतात, आणि त्याचा दोष सुरीच्या माथी मारला जातो. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी बायपासच्या जोडावर व्रण होऊ शकतात, म्हणून त्या टाळाव्यात. पूरक जीवनसत्त्वे व क्षार मात्र आजन्म घ्यावे लागतात. बी-12चा साठा यकृतात काही वर्षे पुरतो. त्यामुळे गोळ्या सोडलेल्या मनुष्याला पहिली वर्षे काहीच जाणवत नाही, आणि पायांना मुंग्या येऊ लागतात तेव्हा त्या शस्त्रक्रियेशी त्यांचा काही संबंध असेल, हे त्याच्या मनातही येत नाही.