साखरेची पट्टी आणि सरकारी पैसा

मधुमेहाचे बरेच रुग्ण हल्ली घरीच बोटाला सुई टोचून रक्तातील साखर पाहतात. पट्टीला रक्ताचा थेंब लावला की काही सेकंदांत आकडा दिसतो. "डॉक्टर, एवढ्याशा पट्टीत असे असते तरी काय?" हा प्रश्न दवाखान्यात नेहमी येतो.

पट्टीवर असते एक प्रथिन. प्रथिने म्हटली की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. पण शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, हीही प्रथिनेच. 'ग्लुकोज ऑक्सिडेज' हे विकर १९२८ साली एका बुरशीत सापडले. रक्तातील असंख्य पदार्थांतून ते ग्लुकोजलाच नेमके हेरते. १९६२ साली अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी ते इलेक्ट्रोडशी जोडून साखर विजेच्या प्रवाहावरून मोजण्याची कल्पना मांडली. हाच 'बायोसेन्सर'. मात्र खिशात मावेल असे यंत्र रुग्णाच्या हाती यायला १९८७ साल उजाडले.

इन्सुलिनचेही तसेच. त्यातील ५१ अमिनो आम्लांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी सुमारे दहा वर्षे खपून १९५५ पर्यंत उलगडला. त्यांच्या कामाला ब्रिटनच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा आधार होता. प्रयोगशाळेत जिवाणूंकडून तयार करवून घेतलेले मानवी इन्सुलिन औषध म्हणून मिळू लागले ते १९८२ मध्ये.

इतकी वर्षे फळाची वाट पाहत व्यापारी पैसा गुंतवत नाही. तिथे सरकारनेच हात पुढे करावा लागतो. आपल्याकडे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ पासून अशा संशोधनाला अनुदान देतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने आय.आय.टी. मुंबईच्या सहभागातून तयार झालेले स्वस्त देशी ग्लुकोमीटर २०१४ साली जाहीर झाले. याचे महत्त्व रोजंदारीवरच्या रुग्णाला विचारा. यंत्र एकदाच घ्यावे लागते, पट्टी मात्र दर वेळी नवी. पट्टी परवडली नाही की तपासणी थांबते, आणि साखर नकळत डोळे, मूत्रपिंडे व पाय पोखरत राहते. म्हणून संशोधनावरचा खर्च हा चैनीचा खर्च नव्हे.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. पट्टीवरचे प्रथिन उष्णतेने व दमटपणाने बिघडते आणि आकडा चुकतो. चुकीच्या आकड्यावर औषध कमीजास्त करणे धोक्याचे. म्हणून डबी घट्ट बंद ठेवावी. ती उन्हात, चुलीजवळ किंवा फ्रीजमध्ये ठेवू नये. मुदत संपलेली पट्टी वापरू नये. तपासणीपूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी साखर जास्त दिसते. रक्तक्षय असल्यास आकडा फसवा येऊ शकतो. शंका आल्यास प्रयोगशाळेत रक्त तपासून घ्यावे व डॉक्टरांना विचारूनच डोस बदलावा.