सणाच्या दुसऱ्या दिवसाची स्वस्ताई

चांदरातीच्या बाजारात रात्र चढत जाते तसे भाव उतरत जातात. रमजानचा शेवटचा रोजा सुटतो, चंद्र दिसल्याची बातमी येते आणि मशिदीकडे जाणारा रस्ता माणसांनी भरून जातो. टोप्या, अत्तराच्या कुप्या, काचेच्या बांगड्या, मेंदीचे कोन, शिरखुर्म्यासाठी शेवया, खारीक, चारोळी. रात्री नऊ वाजता हातगाडीवाला एक रुपया कमी करायला तयार नसतो. बारा वाजता तो घासाघीस ऐकून घेतो. दोन वाजता तोच हाक मारून गिऱ्हाईक बोलावतो, कारण सकाळी ईदची नमाज झाली की टोपीला कोणी विचारणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

हमाली करणारा, गवंड्याच्या हाताखाली काम करणारा बाप याच वेळेची वाट पाहत असतो. मुलीचा फ्रॉक, मुलाचा कुर्ता याच वेळी घेतला जातो आणि सकाळी तो अंगावर असतो. दिवाळीतही हेच घडते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आकाशकंदिलाचा भाव पडतो, पणत्यांची उरलेली टोपली एकदम काढून टाकली जाते. आपल्याकडच्या बाजाराची ही जुनी रीत आहे. माल स्वस्त होतो तो सण उजाडायच्या आत. गरिबाला उशिरा का होईना, पण सणाला मिळतो.

ईद झाल्यावर मात्र बाजार सुस्तावतो. ईदनंतरचा सेल ही गोष्ट आपल्याकडे कधी रुजलीच नाही. त्याला कारणे आहेत. रमजाननंतरचा शव्वाल महिना म्हणजे मुस्लिम घरांतल्या लग्नसराईचा महिना. ईदला न खपलेले कापड लग्नाच्या बस्त्यात खपते, मग दुकानदार ते पडत्या भावात कशाला काढेल? शिवाय ईद चंद्राच्या पंचांगाने चालते. दरवर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे येते. कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात, कधी थंडीत. ईद संपली म्हणजे एखादा ऋतू संपला आणि त्या ऋतूचा माल पडून राहिला, असा हिशेब इथे बसत नाही.

ब्रिटनमध्ये तो हिशेब अगदी चोख बसत असे. तिथे नाताळ येतो ऐन थंडीत, आणि स्वस्ताई येत असे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला. या दिवसाचे नाव ‘बॉक्सिंग डे’. मेलबर्नच्या मैदानावर या दिवशी सुरू होणाऱ्या कसोटी सामन्यामुळे आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना ते परिचयाचे आहे. ब्रिटनमध्ये मात्र कित्येक वर्षे या नावाबरोबर आठवायची ती दुकानांबाहेरची रांग. पहाटेच्या अंधारात, कडाक्याच्या थंडीत माणसे कोट गुंडाळून दार उघडायची वाट पाहत. काही दुकाने सकाळी सहालाच उघडत. आता ही रांग ओसरली आहे.

मुळात हे सेल जानेवारीतले. दुकानदारांपुढे त्या वेळी तीन अडचणी एकदम उभ्या असत. नाताळसाठी भरलेला माल उरलेला असे. लोकरी कपडे, जाड कोट फार काळ ठेवून चालत नसे, कारण पुढे वसंताचा माल लावायला फळ्या रिकाम्या हव्या असत. आणि हातात रोकड लागे. इंग्लंडात दुकानांची भाडी परंपरेने वर्षातून चार ठरावीक दिवशी भरायची असतात आणि त्यांतला एक दिवस नेमका २५ डिसेंबर. त्यामुळे माल खरोखरच काढून टाकायचा असे आणि भाव खरोखरच उतरत. गिऱ्हाईकालाही ते कळत होते. महिनाभर ज्या कोटाकडे काचेतून पाहिले, तो कोट आता परवडेल, या आशेने ते रांगेत उभे राहत असे.

पुढे दुकानादुकानांत चढाओढ लागली. शेजाऱ्याच्या आधी आपण सेल लावावा म्हणून दिवस मागे मागे सरकू लागला. जानेवारीचा सेल २६ डिसेंबरवर आला. त्याच्याही मागे २५ तारीख होती, पण तिथे कायदा आडवा आला. २००४ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना नाताळच्या दिवशी उघडायला मनाई केली. मग सेल नाताळच्या पलीकडे, म्हणजे आधी उडी मारून गेला.

ही उडी अमेरिकेतून आली. तिथे नोव्हेंबरातल्या ‘थँक्सगिव्हिंग’ सणाच्या दुसऱ्या दिवशी ‘ब्लॅक फ्रायडे’चा मोठा सेल लागतो. ब्रिटनमध्ये हा सण कोणी पाळत नाही. तरीही २०१० मध्ये ॲमेझॉनने तिथे ब्लॅक फ्रायडेच्या सवलती सुरू केल्या. तेव्हा अमेरिकन मालकीच्या असलेल्या ॲस्डा या दुकानसाखळीने २०१३ मध्ये त्या दुकानांत आणल्या. २०१४ मध्ये टीव्हीच्या खोक्यांसाठी अशी झोंबाझोंबी झाली की अनेक ठिकाणी पोलीस बोलवावे लागले. पुढच्या वर्षी ॲस्डाने त्यातून अंग काढून घेतले, पण सवलतींचा हंगाम नोव्हेंबरात जाऊन बसला तो बसलाच. एका शुक्रवारचा आठवडा झाला. नाताळच्या भेटवस्तू त्यातच घेतल्या जाऊ लागल्या. २६ डिसेंबरसाठी ना खिशात पैसा उरला, ना मनात उत्सुकता.

उरलेले काम मोबाइलने केले. कोविडच्या आधी ब्रिटनमधल्या किरकोळ विक्रीचा साधारण पाचवा हिस्सा इंटरनेटवरून होत असे. आता तो चौथ्या हिश्शाहून अधिक आहे. नाताळच्या रात्री, जेवणाची ताटे अजून उचलायची असताना, पलंगावर पडून सेलमधली खरेदी करता येते. मग पहाटे सहाला थंडीत जाऊन कोण उभे राहणार?

पण रांग ओसरण्याचे कारण केवळ सोय एवढेच नाही. भावावरचा विश्वासही गेला आहे. एखादी वस्तू ‘आधी १००, आता ५०’ अशी पाटी लावून विकायची, तर ती आधी खरेच १०० ला विकायला ठेवलेली असली पाहिजे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या एका संहितेने यासाठी मोजमाप घालून दिले. मागच्या सहा महिन्यांत सलग २८ दिवस तो चढा भाव लागलेला असावा. हेतू चांगला होता. पण धूर्त व्यापाऱ्याने त्यातूनही वाट काढायची ती काढलीच. एखाद्या कोपऱ्यातल्या शाखेत २८ दिवस चढा भाव लावायचा आणि मग सगळीकडे तो खोडून ‘सवलत’ दाखवायची. पुढे ग्राहकांची बाजू मांडणाऱ्या ‘विच’ या संस्थेने ब्लॅक फ्रायडेच्या वस्तूंचे वर्षभराचे भाव तपासायला सुरुवात केली. त्यांतल्या बहुतेक वस्तू वर्षातल्या इतर दिवशी त्याच भावात किंवा त्याहून स्वस्त मिळत होत्या, असे या तपासण्यांतून पुन्हा पुन्हा दिसून आले.

डेबेनहॅम्स हे तिथले १७७८ पासूनचे जुने घराणे. त्याचा ‘ब्लू क्रॉस’ सेल प्रसिद्ध होता. सेल इतक्यांदा लागू लागला की पूर्ण किमतीला खरेदी करणे हा गिऱ्हाईकाला मूर्खपणा वाटू लागला. २०२१ च्या मे महिन्यात डेबेनहॅम्सची शेवटची दुकाने बंद झाली. कर्ज होते, भाडी होती, कोविड होता. एकट्या सेलवर खापर फोडणे बरोबर नाही. पण रोजच सेल असेल तर तो सेल उरत नाही, एवढे मात्र त्या रिकाम्या काचांकडे पाहून कोणालाही समजावे.

या उताराची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. सेलच्या पहाटे दार उघडायचे, तर दुकानातली मुलगी पहाटे चारला कामावर हजर हवी. म्हणजे नाताळची रात्र तिने लवकर झोपून काढायची. आई-वडील दुसऱ्या गावी असतील, तर तिकडे जायचे नाही. नाताळला तिथे आगगाड्या जवळजवळ बंद असतात, त्यामुळे एका दिवसात जाऊन परत येणेही जमत नाही. २०१६ मध्ये ‘बॉक्सिंग डेला दुकाने बंद ठेवा’ अशा मागणीच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि त्यावर संसदेत चर्चा झाली. सरकारने कायदा करायला नकार दिला. कायद्याने जे झाले नाही ते मंदावलेल्या धंद्याने केले. मार्क्स अँड स्पेन्सर, जॉन लुईस, ॲल्डी यांसारख्या मोठ्या नावांनी अलीकडच्या वर्षांत २६ डिसेंबरला दुकाने बंद ठेवली. कामगारांना कुटुंबाबरोबर राहता यावे, असे त्यांनी सांगितले. त्या सांगण्यात व्यवहार किती आणि माया किती हे ज्याचे त्याने ठरवावे, पण काउंटरमागच्या मुलीला सण पुरा मिळाला हे खरे.

यात नुकसान कोणाचे झाले? हौसेने खरेदी करणाऱ्याचे फारसे नाही. नुकसान झाले ते खरोखर वाट पाहणाऱ्याचे. मुलाचे शाळेचे बूट, घरातल्या चादरी, थंडीचा कोट हे सारे जानेवारीवर ढकलणारी घरे तिथेही होती आणि आहेत. वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी भाव उतरणार, हे त्यांना माहीत असे. त्याप्रमाणे पैसे बाजूला पडत. आता सवलत कधीही येते आणि कधीही जाते. तिच्यावर नजर ठेवायला चांगला फोन हवा, कार्डावर पैसे हवेत आणि नोव्हेंबरातच खर्च करण्याची ऐपत हवी. ज्याच्याकडे यातले काही नाही, त्याला आज लागलेला भाव खरा की उद्याचा, हे कळायला मार्ग नाही.

आणि गंमत अशी की बॉक्सिंग डे हा मुळात खरेदीचा दिवस नव्हताच. त्या नावातला ‘बॉक्स’ म्हणजे डबा. नाताळच्या सुमारास घरच्या नोकरांना, दुकानातल्या पोऱ्यांना, पत्रे आणून देणाऱ्यांना काही पैसे, काही वस्तू द्यायची तिथे पद्धत होती. सॅम्युअल पेपीस या लंडनच्या प्रसिद्ध रोजनिशीकाराने १९ डिसेंबर १६६३ रोजी जोडे शिवणाऱ्याची बाकी चुकती केल्याची आणि तिथल्या पोरांच्या डब्यात नाताळनिमित्त काही टाकल्याची नोंद ठेवली आहे. चर्चमध्येही गरिबांसाठी दानाचा डबा असे. १८७१ च्या कायद्याने २६ डिसेंबर ही सुट्टी ठरली, ती वर्षभर राबणाऱ्यांना उसंत मिळावी असा दिवस म्हणून. पुढे त्याच दिवशी त्या राबणाऱ्यांनाच पहाटे चारला कामावर बोलावले गेले.

हा डबा आपल्याला परका नाही. दिवाळीला पोस्टमनला, कचरा नेणाऱ्याला, दूध घालणाऱ्याला पोस्त द्यायची रीत महाराष्ट्रात घरोघर आहे. मुस्लिम घरांत ईदला मुलांच्या हातात ईदी पडते, आणि त्याही आधी घराबाहेर जातो तो फित्रा. घरातल्या प्रत्येक माणशी, तान्ह्या बाळाच्याही नावाने, ठरावीक माप गहू किंवा त्याची किंमत गरिबाला द्यायची असते. त्यातली अट मोठी विचार करण्यासारखी आहे. फित्रा ईदच्या नमाजच्या आधी पोहोचला पाहिजे. नमाज झाल्यावर दिलेले दान हे साधे दान होते, फित्रा होत नाही. शेजारच्या घरात चूल पेटायची ती ईदच्या सकाळीच पेटली पाहिजे. दुसऱ्या दिवशी पेटून उपयोग नाही.

सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या स्वस्ताईचे मूळ दुखणे हेच होते. ज्याच्याकडे पैसा होता त्याने सणाला घेतले, ज्याच्याकडे नव्हता त्याने सण झाल्यावर घेतले. म्हणून ती रांग ओसरली याची फार हळहळ करण्याचे कारण नाही. काळजी करायची ती तिच्या जागी जे आले त्याची. आपल्याकडेही २०१४ मध्ये फ्लिपकार्टने ‘बिग बिलियन डेज’ सुरू केल्यापासून दसरा-दिवाळीआधी सवलतींचा पाऊस पडतो. ईदआधीही आता फोनवर ‘ईद ऑफर’ येऊ लागल्या आहेत. सवलत सणाआधी मिळते हे चांगलेच. पण खोडलेला भाव खरा होता का, हे त्या पडद्याला विचारता येत नाही. हातगाडीवाल्याला ते तोंडावर विचारता येते. तो चिडतो, शपथा घेतो आणि शेवटी भाव उतरवतो.

चांदरातीला तीनच्या सुमारास बाजार विरळ होतो. झाडूवाले येतात. हातगाडीवाला दिवसभराचे पैसे मोजतो, उरलेल्या टोप्या गोणीत भरतो आणि गाडीवर ताडपत्री ओढतो. मग समोरच्या कपड्याच्या गाडीपाशी जातो. आपल्या धाकट्याच्या मापाचा कुर्ता उचलतो आणि भाव विचारतो. दोघेही रात्रभर उभे राहून थकलेले असतात. घासाघीस फार होत नाही. फजरची अजान व्हायच्या आत त्याला घरी पोहोचायचे असते.